गलांडेसरांचे शब्द

"धारूरकरबाई, सर्क्युलर बॅकफीड कुठवर आलंय?"

"साठ टक्के झालंय सर."

"गेल्या सोमवारी पन्नास होतं ना?"

"हो सर. या आठवड्यात जरा जोर लावला."

गलांडेसरांनी मान डोलावली. मग खुर्ची मागं सरकवली आणि हसायला लागले. आधी तोंडातल्या तोंडात, मग चांगले खो-खो.

"बाई, असं काही नसतंच हो! मी बनवलाय तो शब्द. महिनाभर मजा बघत होतो. जगात नसलेलं काम तुम्ही साठ टक्क्यांवर आणलंत, कमाल आहे!"

हॉलमध्ये हशा पिकला. काउंटरवरचे दोघं हसले, नियतकालिकं सांभाळणाऱ्या मॅडम तोंडाला पदर लावून हसल्या. दाराशी उभे असलेले इस्माईलमामा शिपाई, त्यांना काही कळलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले. पलीकडे अभ्यासाला बसलेली पोरं माना वर करून बघायला लागली. आणि धारूरकरबाई उभ्याच. सोमवारच्या मीटिंगमध्ये ज्याला विचारलं त्यानं उभं राहून उत्तर द्यायचं आणि सर 'बसा' म्हणेपर्यंत बसायचं नाही, ही गलांडेसरांनीच घालून दिलेली पद्धत. सर हसत राहिले, 'बसा' काही म्हणाले नाहीत. बाई तशाच, टेबलावर एक हात टेकून, लालबुंद चेहऱ्यानं उभ्या.

मी बाईंच्या शेजारी होते. मी हसले नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही. सरांनी मला विचारलं असतं तर मीसुद्धा चाळीस-पन्नास टक्के ठोकून मोकळी झाले असते. तिथं सगळेच तसं करत होते.

ही गोष्ट कॉलेजच्या लायब्रऱ्यांमध्ये कॉम्प्युटर नवे नवे येत होते तेव्हाची आहे. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी, सीना नदीच्या अलीकडं. मी, कुंदा खरात, तिथं हंगामी सहायक होते आणि धारूरकरबाई प्रभारी ग्रंथपाल. प्रभारी म्हणजे काम सगळं करायचं, सही करायची, पण दर जूनमध्ये नवी ऑर्डर हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. भरतीवर बंदी होती. बाईंनी अशी ऑर्डरींवर निम्मी जिंदगी काढलेली. घरी अण्णा, म्हणजे बाईंचे यजमान. सूतगिरणी बंद पडली तेव्हा घरी बसले आणि नंतर साखरेनं त्यांचे डोळे नेले. घर बाईंच्या पगारावर.

बाई काही देवमाणूस नव्हत्या हं. तोंडानं फटकळ. पुस्तक उलटं ठेवलं तर मला सगळ्यांदेखत झापायच्या, "कुंदे, डोळे काय घरी ठेवून आलीस का?" पण दुपारी बायंडिंगच्या खोलीत, त्या खळीच्या आंबूस वासात आम्ही दोघी डबा उघडायचो तेव्हा आधी त्यांच्या डब्यातली भाजी माझ्या झाकणात पडायची. रविवारी मी त्यांच्या घरी जायचे, अण्णांना पेपर वाचून दाखवायचे. अण्णा म्हणायचे, "कुंदा वाचते तेव्हा बातमी नीट दिसते." माझ्या आईनंतर माझ्यावर कुणी हक्कानं ओरडलं असेल तर त्या बाईच.

आणि मग गलांडेसर आले. प्राध्यापक तुषार गलांडे, कॉम्प्युटर शिकवायचे. संस्थेनं त्यांना लायब्ररीच्या संगणकीकरणाचे समन्वयक केलं आणि आमच्या डोक्यावर बसवलं. माणूस दिसायला छान, बोलायला गोड. पण मराठीत बोलता बोलता असा एकेक शब्द टाकायचे की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळावं. "लेगसी डेटा मायग्रेट करा." "मेटाडेटा क्लीन नाहीये." "ऑथॉरिटी फाइल सिंक झाली का?" कुणी विचारायचं नाही, 'सर, म्हणजे काय?' सुरुवातीला काउंटरवरच्या एकानं विचारलं होतं. सर म्हणाले, "अरे बापरे! तुम्हाला हे माहीत नाही? मग इतके दिवस इथं काय करत होतात?" झालं. त्या दिवसापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला. काहीही विचारलं की 'येस सर', आणि पुढच्या सोमवारी 'चालू आहे सर'.

मी नुकताच टपालानं ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केला होता, त्यामुळं मला निम्मं-अर्धं कळायचं. मीटिंग संपली की बाई मला बायंडिंगच्या खोलीत ओढायच्या.

"काय म्हणाला गं तो?"

"काही नाही बाई. जुन्या कार्डांवरचं सगळं कॉम्प्युटरात चढवायचंय."

"एवढंच? मग तसं सांगायला काय जीभ झडते मेल्याची?"

मग कामाला लागायच्या, आणि काम एकदा कळलं की बाईंचा हात कुणी धरू शकायचं नाही. पण कळायचं ते माझ्यामार्फत. कितीदा म्हणाल्या असतील, "कुंदे, तू आहेस म्हणून मी या डबड्यांच्या राज्यात टिकलेय." सरांनाही हे माहीत होतं. आम्ही दोघी कुजबुजताना त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं.

त्या सोमवारी, तो हशा झाल्यावर, बाईंनी डबा उघडलाच नाही. खळीच्या बादलीकडं बघत बसल्या.

"पोरांसमोर गं," म्हणाल्या. "माझ्याकडून पुस्तकं नेणारी पोरं."

"बाई, त्यांनी मुद्दाम केलं. मलाही माहीत नव्हतं तसं काही नसतं ते."

"तुला माहीत नसलं तर चालतं. तू लहान आहेस." मग एकदम माझा हात धरला, नखं रुतली इतका. "एक सांगते तुला. पुन्हा जर या माणसानं असला बनवलेला शब्द माझ्यावर फेकला ना, तर तोंडावर सांगणार आहे त्याच्या. चारचौघांत सांगणार. म्हणेन, असं काही नसतं, हे तुमचं थोतांड आहे. बघशीलच तू."

हे त्यांनी एकदा नाही, पुढं रोज म्हटलं. काउंटरवर म्हटलं, नियतकालिकांच्या मॅडमना म्हटलं. ते सरांच्या कानावर गेलं नसेल असं कसं होईल? लायब्ररीत कुजबूज लपत नाही.

त्या दिवाळीनंतर भरतीची बंदी उठली. आमच्या कॉलेजला एक जागा मंजूर झाली, कायम, पेन्शनची. जाहिरात आली. बाईंच्या वयाला ती शेवटची संधी होती. पुढच्या खेपेला वयाच्या अटीत त्या बसणारच नव्हत्या, आणि कायमचा माणूस आला की प्रभारी कशाला हवा? म्हणजे ही जागा नाहीतर घर. आणि घरात अण्णा.

अर्ज मीही केला. बाईंनीच करायला लावला. "माझं नाही झालं तर तुझं तरी होऊ दे. बाहेरच्याच्या घशात जाण्यापेक्षा बरं."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी गलांडेसरांनी मला लॅबमध्ये बोलावलं. बारकोडचा प्रिंटर अडकलाय म्हणाले. प्रिंटर चांगला चालू होता. त्यांनी दार लोटलं आणि मला खुर्ची दिली. ही खुर्ची द्यायची पद्धत त्यांच्यात नव्हती.

"खरातमॅडम, उद्या मी पॅनेलवर आहे. प्राचार्य आणि विद्यापीठाचे तज्ज्ञही असतील. पण एक प्रश्न माझा असणार. सांगू का?"

मी खुर्चीच्या कडेवर सरकून बसले.

"डार्क आर्काइव्ह म्हणजे काय, असं विचारणार आहे."

"म्हणजे काय सर?"

"काहीच नाही!" असे काही डोळे मिचकावले की बस्स. "मी बनवलाय. मागच्या बॅकफीडसारखाच. अहो, अंधारातलं संग्रहालय! ठेवायचं, पण कुणी वाचायचं नाही! असं कुठं असतं का? पण बघा, उमेदवार कसे फाडफाड उत्तर देतात. मला थापाडा माणूस नकोय. जो छातीठोकपणे सांगेल की सर, असं काही नसतं, त्याला मी पूर्ण मार्क देणार. तुमच्यात तो दम आहे. म्हणून सांगितलं. कुणाला बोलू नका."

मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? वाटलं, या माणसाला आपली किंमत आहे. संध्याकाळी घरी जाऊन कोर्सची सगळी पुस्तकं चाळली. डार्क आर्काइव्ह कुठंच नाही. नेट होतं फक्त सरांच्या लॅबमध्ये, आणि पासवर्ड त्यांच्या डोक्यात. पण बघायची गरजच काय, नाही का? एकदा त्यांनी असा शब्द बनवला होता, सगळ्यांसमोर कबूल केला होता. आणि ठेवायचं पण वाचायचं नाही, ही काय लायब्ररी झाली?

जेवायला बसले आणि दोन घासांतच उठले. ताट तसंच झाकलं, चपला घातल्या आणि बाईंचं घर गाठलं.

बाई ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. बाईंचे हात पिठात थांबले.

"मला कशाला सांगतेस? तुलाही हवीय ना जागा?"

"हवीय की. पण तुम्हाला न सांगता आत गेले असते तर उद्या तुमच्या तोंडाकडं बघवलं नसतं."

बाईंनी पिठाचे हात तसेच माझ्या गालांवरून फिरवले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आतून अण्णा ओरडले, "काय चाललंय गं तिकडं?" बाई म्हणाल्या, "काही नाही हो. या पोरीला दृष्ट लागायची." आणि मग माझ्याकडं वळून, दात ओठ खात, "उद्या त्याची जिरवते बघ. मार्क देऊ दे नाहीतर न देऊ दे."

मुलाखती प्राचार्यांच्या केबिनच्या पलीकडं झाल्या, प्लायवूडचं पार्टिशन घातलेल्या खोलीत. बाहेर बाकावर आम्ही तिघी. बाई, मी आणि एक जांभळ्या साडीतली मुलगी, केसात अबोलीचा गजरा, कुणाशी बोलेना. आधी बाईंचा नंबर. इस्माईलमामांनी नाव पुकारलं, बाईंनी माझा खांदा दाबला आणि पदर खोचून आत गेल्या. बाहेर यायचं दार दुसऱ्या बाजूला होतं, म्हणजे आत गेलेल्याशी बाकावरच्यांचं बोलणं होऊ नये.

आतलं फारसं ऐकू येत नव्हतं. बराच वेळ बाईंचा संथ आवाज. मग एकदम चढला. "असं काही नसतंच सर! हा तुमचा बनवलेला शब्द आहे. मागंही तुम्ही असंच केलंत!"

आणि मग हशा.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जिंकल्या बाई. वाटलं, सरांची चोरी पकडली म्हणून पॅनेल खूश होऊन हसतंय. मी बाकावर एकटीच हसले. जांभळ्या साडीतली माझ्याकडं बघत राहिली.

माझं नाव पुकारलं. आत गेले. मधोमध प्राचार्य, त्यांच्या डाव्या हाताला विद्यापीठातले तज्ज्ञ, टकले, मऊ आवाजाचे गृहस्थ, आणि उजवीकडं गलांडेसर. इकडचे-तिकडचे प्रश्न झाले, मी बरी उत्तरं दिली. तज्ज्ञ दोनदा 'छान' म्हणाले. मग गलांडेसरांनी घसा साफ केला.

"डार्क आर्काइव्ह म्हणजे काय सांगाल?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "असं काही नसतं सर. तुम्ही बनवलेला शब्द आहे तो."

आता तिघंही हसतील म्हणून मी वाट बघितली. कुणी हसलं नाही. तज्ज्ञांनी चष्मा काढला.

"दोघी एकाच गुरूच्या दिसताय," म्हणाले. आवाज अजूनही मऊच. "अहो बाई, डार्क आर्काइव्ह असतं. जगात ठिकठिकाणी असतं. मोठ्या ग्रंथालयांचा डिजिटल ठेवा एका सुरक्षित जागी ठेवतात. वाचकाला बंद. मूळ संग्रह जळला, बुडाला, नष्ट झाला, तरच उघडायचा. इतकी साधी गोष्ट आहे. माहीत नाही म्हणालात तर मी काही म्हणालो नसतो. सगळं कुणाला येतं? पण प्रश्न विचारणाऱ्यालाच खोटं ठरवायचं?"

मी गलांडेसरांकडं बघितलं. ते समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत होते.

"सर, तुम्हीच काल मला म्हणालात!"

त्यांनी मान वर केली. चेहरा असा दुखावलेला की कुणालाही कीव यावी. "मी? मुलाखतीचा प्रश्न मी उमेदवाराला आदल्या दिवशी सांगितला? मॅडम, काय बोलताय याचं भान आहे का?"

"लॅबमध्ये बोलावलंत, प्रिंटर अडकलाय म्हणून..."

"बाई, मर्यादा सांभाळा," प्राचार्य गरजले.

तज्ज्ञ मान हलवत म्हणाले, "मघाच्या बाईंनाही मी विचारलं, कुणी भरवलं हे तुमच्या डोक्यात? कितीदा विचारलं. गप्प राहिल्या. नाव सांगितलं नाही कुणाचं."

खोलीतून मी कशी बाहेर आले मला आठवत नाही. बाई मागच्या दाराशी नव्हत्या. लायब्ररीत नव्हत्या. त्यांच्या टेबलावरचा चष्म्याचा डबा गेला होता, म्हणजे घरी निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे आले. जांभळ्या साडीतली निवडली गेली होती. गलांडेसरांची मेहुणी. पेढे त्यांनीच वाटले, उजव्या हातानं, प्रत्येकाला नावानं हाक मारून. माझ्या पुढ्यातही बॉक्स धरला.

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी बॉक्स बाजूला सारला आणि त्यांच्या मागं मागं लॅबपर्यंत गेले.

"का केलंत असं?"

"काय केलं?" दार उघडं होतं, पण कॉरिडॉर रिकामा. त्यांनी तो आधी नीट बघून घेतला. मग खुर्चीत रेलले. "बसा ना मॅडम. नाही? बरं. तुम्हाला मी काय सांगितलं, कोण होतं ऐकायला?"

"केसानं गळा कापलात आमचा. माझा कापायचा होता तर कापायचा. बाईंनी काय बिघडवलं होतं तुमचं?"

"तुमचा गळा कोण कापतंय? तुमचं नाव यादीत खाली होतं, तसंही लागलं नसतं. पण धारूरकरबाईंचं काय करायचं? अनुभव त्यांचा, सेवा त्यांची. त्यांना डावलणं अवघड होतं. त्यांनी स्वतःच काहीतरी वेडंवाकडं करायला हवं होतं." ते अगदी शांतपणे, कामाची योजना समजावून सांगावी तसं सांगत होते. "मी सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता? तुम्ही सांगितलंत म्हणून ठेवला. तुम्ही चांगल्या आहात मॅडम. रात्रीच्या आत जाऊन सांगणार, हे मला पक्कं माहीत होतं."

मी त्यांच्या अंगावर धावून जाणार होते. खरंच जाणार होते. पण माझ्या तोंडून वेगळंच निघालं. "आम्ही दोघी तक्रार करू. विद्यापीठात जाऊ. निवडलेली मुलगी पॅनेलवरच्याचीच मेहुणी आहे, हे सांगू."

"दोघी?" ते हसले. सोमवारी हसले होते तसेच. "सकाळी आल्या होत्या धारूरकरबाई, सामान न्यायला. मला विचारत होत्या, कुंदाचं कसं झालं. मी म्हटलं, उत्तम! डार्क आर्काइव्हचं उत्तर तर इतकं अचूक दिलं, तज्ज्ञ खूश. थोडक्यात गेली जागा. बाई नमस्कार करून गेल्या."

मी दाराकडं वळले.

"आता जा आणि दोघी मिळून करा तक्रार," ते म्हणाले आणि कॉम्प्युटरकडं वळले.

मी साडी कशीबशी सावरत भर उन्हात बाईंच्या घराकडं निघाले. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. कुठून सुरुवात करायची, कशी शपथ घ्यायची. एक विश्वास मात्र होता, की बाई ओरडतील. 'कुंदे, कशी गं तू' म्हणून चांगल्या फाडून खातील, मी रडेन, त्याही रडतील, आणि मग दोघी बसून त्या माणसाला शिव्या घालू. बाईंचा राग मला सवयीचा होता.

कडी वाजवली. बाईंनी दार उघडलं.

"या ना," म्हणाल्या.

मी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणतायत म्हणून. मागं कुणी नव्हतं.

"बसा. पाणी आणू?"

"बाई, मला 'बसा' काय म्हणताय?"

"मग काय म्हणू?" आवाज अगदी सौम्य. काउंटरवर परगावचा प्राध्यापक आला की त्याच्याशी बोलायच्या तसा. पाण्याचा तांब्या-भांडं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"बाई, मीही तेच उत्तर दिलं. अगदी तेच. असं काही नसतं म्हटलं. मलाही हाकललं आतून. गलांडे तुमच्याशी धादांत खोटं बोललेत."

"असेल."

"असेल काय? आईची शपथ घेऊन सांगते. इस्माईलमामांना विचारा, ते दाराशीच होते."

"त्यांना काय कळणार त्या शब्दांतलं?" बाई म्हणाल्या. "मला तरी कुठं कळतं? गलांडेसर म्हणाले आहे, की आहे. म्हणाले नाही, की नाही. मला कधीच कळलं नाही त्यातलं काही. मला तुम्ही जे सांगाल ते कळायचं." थोडं थांबून म्हणाल्या, "त्या तज्ज्ञांनी मला किती खोदून विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून. तुमचं नाव घेतलं असतं तर मी निदान मूर्ख ठरले असते, उद्धट तरी ठरले नसते. पण म्हटलं, पोरगी अजून बाहेर बसलीय. तिची मुलाखत व्हायचीय."

"माहीत आहे मला, बाई. त्यांनी सांगितलं."

"हो का? तेही सांगितलं त्यांनी तुम्हाला?"

आणि त्या नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला तेव्हाच कळलं की मी आता जे जे बोलेन ते ते माझ्याच अंगावर येणार. मी गलांडेचं नाव घेतलं तर 'सर तुमच्याशी इतकं बोलतात का', तज्ज्ञांचं घेतलं तर 'तुम्हाला सांगितलं का'. तरी मी बोलत राहिले. कसं मला लॅबमध्ये बोलावलं, कसा डोळा मिचकावला, मेहुणी, पेढे, सगळं. मध्येच रडूही आलं. बाई ऐकत होत्या. मध्ये एकदा 'अरेरे' म्हणाल्या, परक्या माणसाची हकिकत ऐकताना म्हणतात तसं.

मग आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. कुणी उठवलं असेल तर मीच, माझ्या रडण्यानं.

"कोण आलंय गं? कुंदा आहे का? तिचाच आवाज वाटतोय. रडते का काय ती?"

मी हाक द्यायला तोंड उघडलं. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर हात कधी उगारला नव्हता. तेव्हाही नव्हता उगारला, नुसता तळवा समोर धरला होता.

"नाही हो," त्या आत बघून म्हणाल्या. "तुम्ही पडून राहा. कॉलेजातल्या कुणी बाई आहेत. निघाल्याच त्या."

आणि त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं.